मेटलचा वॉल्व की टिश्यूचा? ऑपरेशनआधी काय काय विचारून घ्यायचं

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी सांगली जिल्ह्यात एका गावात राहते, वय २८, लग्नाला ३ वर्षं झाली, मूल नाही अजून. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा पण घरी कोणी फार मनावर घेतलं नाही, मग कॉलेजात जिना चढला की दम लागायला लागला आणि टुडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) कळलं की हृदयाची मायट्रल झडप खराब आहे. लग्नाआधी फुग्याने झडप मोकळी केली होती पण आता ती परत आखडलीय आणि लीकपण खूप आहे म्हणून वॉल्व बदलायचं ठरलंय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. सर म्हणाले मेटलचा की टिश्यूचा ते घरी बोलून सांगा. सासूबाई म्हणतात मेटलचाच टाक, एकदाच काय तो त्रास, परत परत छाती कशाला उघडायची. मिस्टर म्हणतात डॉक्टर सांगतील तसं, आणि डॉक्टर म्हणतात तुम्ही सांगा! मला मूल हवंय. मेटलच्या वॉल्वच्या गोळ्या चालू असताना बाळ होत नाही असं एकीने सांगितलं, ते खरं का? आणि टिश्यूचा किती वर्षं टिकतो?

उत्तर : ताई, एवढ्या मोठ्या पत्रात स्वतःला काय हवंय ते तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंय, मला मूल हवंय. हे वाक्य सर्जनना सांगितलंय का? नसेल तर पुढच्या भेटीत पहिलं हेच सांगा आणि मिस्टरांना सोबत घेऊन जा, कारण तुमच्या वयात सगळा निर्णय त्यावरच फिरतो.

मेटलचा म्हणतात तो वॉल्व बहुतेक वेळा खास प्रकारच्या कडक कार्बनचा असतो, तो झिजत नाही, सासूबाईंचं तेवढं बरोबर आहे. पण त्याच्यावर रक्ताची गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी, एसिट्रॉम नाहीतर वॉरफेरिन, जन्मभर रोज घ्यावी लागते आणि डोस बरोबर बसलाय का ते बघायला आयएनआर ही रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी टेस्ट करत राहावी लागते. मायट्रलच्या जागी मेटल असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये राहायला हवा. कमी झाला तर वॉल्व अडकू शकतो, लकवा होऊ शकतो, जास्त झाला तर रक्तस्राव. "एकदाच काय तो त्रास" हे ऑपरेशनपुरतं खरं आहे, गोळी आणि टेस्ट काही सुटत नाही.

आता बाळाचं. या गोळ्यांवर बाळ होतच नाही हे खरं नाही, पण धोका मोठा आहे आणि तो कोणी लपवू नये. गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते, ६ ते १२ आठवड्यांच्या काळात बाळात व्यंग येऊ शकतं, गर्भपाताचं प्रमाण वाढतं. म्हणून मग त्या काळात हेपॅरिनची, म्हणजे रक्त पातळ करणारी पण बाळापर्यंत न पोचणारी इंजेक्शनं द्यायची असा एक मार्ग असतो, पण त्यात आईच्या वॉल्ववर गुठळी धरायची भीती वाढते, म्हणजे एकाला सांभाळायला गेलं की दुसऱ्याचा धोका वाढतो. वॉल्व बदललेल्या गरोदर बायकांची रोपॅक नावाची मोठी आंतरराष्ट्रीय नोंद आहे, तिचे २०१५ साली आलेले आकडे मी प्रत्येक मुलीला सांगते. मेटलचा वॉल्व असलेल्या १०० पैकी ५८ जणींचं गरोदरपण कुठलीही गंभीर अडचण न येता पार पडून जिवंत बाळ झालं, टिश्यूवाल्यांमध्ये ७९ जणींचं. हा फरक लहान नाही.

मग टिश्यूच घ्यायचा ना? थांबा, त्याचीही किंमत आहे. टिश्यू वॉल्व प्राण्याच्या ऊतीपासून बनवतात, तो तरुण शरीरात लवकर कडक होतो, आणि मायट्रलच्या जागी अजून लवकर. सत्तरीच्या माणसाला १५ वर्षं पुरेल असा वॉल्व तुमच्या वयात १० वर्षांच्या आतबाहेर खराब होऊ शकतो, कधी त्याच्याही आधी. म्हणजे चाळिशीच्या अलीकडे पलीकडे दुसरं ऑपरेशन येणार हे धरूनच चालायचं. दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा जास्त जोखमीचं असतं, पण दर वर्षी इको करत राहून वेळेवर ठरवून केलेलं ऑपरेशन आणि दम कोंडल्यावर रात्री धावपळीत केलेलं ऑपरेशन यात फार अंतर आहे. काही जणींना तेव्हा पायाच्या शिरेतून जुन्या वॉल्वच्या आत नवा बसवता येतो, पण आत्ताचा वॉल्व पुरेसा मोठा असेल तरच, म्हणून साइजबद्दल आत्ताच विचारून ठेवा.

अजून एक गोष्ट बरेचदा राहून जाते. तुमचे ठोके नियमित आहेत का? ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, असेल तर टिश्यू वॉल्व घालूनही रक्त पातळ करायची गोळी बहुतेक चालूच ठेवावी लागते, मग टिश्यूचा अर्धा फायदा तिथेच गेला. तसंही टिश्यूनंतर पहिले ३ ते ६ महिने गोळी देतातच, तेवढ्यात दिवस राहू देऊ नका, आणि त्यासाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गर्भनिरोधक गोळ्या आणू नका, त्यातल्या काहींनी गुठळीचा धोका वाढतो.

आणि हो, टिश्यू वॉल्व गायीच्या हृदयावरच्या आवरणाचा असतो किंवा डुकराच्या झडपेचा असतो. काही घरांत हे ऑपरेशननंतर कळतं आणि मनाला लागतं, त्यापेक्षा आधीच विचारा, त्यात लाजायचं काही नाही. झडप दुरुस्त होईल का हेही एकदा विचारा, लहानपणी सांधे सुजून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपेत ते अवघड असतं पण विचारायला काय हरकत आहे.

माझं मत विचाराल तर, मूल नक्की हवं असेल, ठोके नियमित असतील आणि दुसऱ्या ऑपरेशनची तुमची मनापासून तयारी असेल तर मी टिश्यूकडे झुकेन. आणि मग बाळाचा विचार वर्षानुवर्षं पुढे ढकलू नका, सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना विचारून वेळ ठरवा. मूल दत्तक घ्यायला तयार असाल किंवा दुसरं ऑपरेशन नकोच असेल तर मेटल, त्यातही काही चूक नाही. मात्र मेटल घातल्यावर पाळी चुकली तर त्याच दिवशी टेस्ट करा आणि लगेच डॉक्टर गाठा, गोळी स्वतःहून बंद करायची नाही, कोणीही सांगितलं तरी नाही.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही, पण महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं, कोणत्या कंपनीचा वॉल्व मिळणार ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा. मेटलमध्ये आपला भारतीय चित्रा वॉल्व आहे, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनवलेला, १९९० पासून वापरात आहे, परदेशीपेक्षा बराच स्वस्त. स्वस्त म्हणजे कमी दर्जाचा असं मनात आणू नका.

वॉल्व कुठलाही घ्या, पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू असेल तर ते थांबवू नका, झडप बदलली तरी तो संधिवाताचा ताप परत येऊ शकतो. ऑपरेशनआधी दातही दाखवून घ्या, किडलेल्या दातातले जंतू नव्या वॉल्ववर जाऊन बसतात.

प्रश्न : वय ५४, नाशिक, ट्रक चालवतो. हृदयाचा एऑर्टिक वॉल्व बदलायचाय, मेटलचा ठरलाय. मेथी पालक कायमचं बंद का? आणि टेस्ट न लागणाऱ्या नवीन गोळ्या आल्यात म्हणे, त्या चालतील का?

उत्तर : दादा, नवीन गोळ्या अजिबात नाही. मेटल वॉल्ववर त्यातली डॅबिगॅट्रान नावाची गोळी देऊन बघितली तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून २०१२ मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला, पुढे एपिक्साबॅन या दुसऱ्या नवीन गोळीचा एक अभ्यासही २०२२ मध्ये बंद केला. दुसऱ्या गावच्या डॉक्टरने चांगल्या मनाने बदलून दिली तरी घेऊ नका.

मेथी पालक बंद नाही, फक्त प्रमाण सारखं ठेवा. एक आठवडा रोज भाजी आणि मग महिनाभर काहीच नाही असं केलं की आयएनआर वरखाली होतो. अंगदुखीच्या गोळ्या, काढे, दारू, यांनी जास्त घोळ होतो आणि ट्रकवर तर हेच हाताशी असतं.

पण "ठरलाय" म्हणता तर एकदा परत विचारा. ५० ते ६५ या वयात एऑर्टिकला दोन्ही वॉल्व चालू शकतात, माणसाचं काम बघून ठरवतात. आठवडे आठवडे बाहेर असाल, टेस्ट चुकणार असेल, तर सर्जनना ते स्पष्ट सांगा, कदाचित ते टिश्यू सुचवतील. मेटलच राहिला तर गोळीचं एक जादा पाकीट गाडीत ठेवा, आणि खिशात चिठ्ठी ठेवा, वॉल्व कुठला, गोळी कुठली, शेवटचा आयएनआर किती. अपघात झाला तर तिथल्या डॉक्टरला पहिलं तेच कळायला हवं. रात्री शांततेत वॉल्वची टिकटिक ऐकू येते, त्याची सवय होते, पण ती एकदम दबली आणि दम लागला तर गाडी बाजूला घ्या आणि मदत मागवून जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, स्वतः चालवत जाऊ नका.