अंदाज दीड मीटरचा, मग मुखाशी एवढी लाट कशी?

प्रश्न : इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) अंदाजात लाट दीड मीटर होती. तरी खाडीच्या मुखाशी त्याहून बरीच मोठी फुटत होती. अंदाज चुकला का? (लहान होडीवाला, रत्नागिरी)

उत्तर : तसं नसावं. अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट तिच्या दुप्पटही येते. उंचीच्या शेजारी दिलेला कालावधी, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ, जरूर पाहा. ५-६ सेकंद असेल तर ती जवळच्या वाऱ्याची लाट. १४-१५ सेकंदांची लाट लांबून आलेली असते. वारा पडलेला असला तरी मुखाशी साचलेल्या वाळूवर ती उंचावून फुटते. समोरून ओहोटीचं पाणी आलं की आणखी उभी होते, आणि तिथे होडी आडवी झाली तर उलटू शकते. अशा दिवशी भरती चढत असतानाच मुख ओलांडा. परतायची वेळही तीच धरा, जाळं अर्धं रिकामं असलं तरी.