वाचकांचे प्रश्न : अंनिसची माणसे नेमके काय करतात?

प्रश्न : माझी मुलगी शिक्षिका आहे आणि गेल्या वर्षापासून ती महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कामाला जाते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे. ही देवधर्म बुडवणारी माणसे आहेत, त्यांना कुठून तरी पैसा येतो, असे नातेवाईक बोलतात. ही संस्था कोणाची, तिच्यामागे कोण आहे आणि मी मुलीला अडवावे का?
— एक वारकरी वडील, सोलापूर जिल्हा

उत्तर : मुलीला अडवू नका, हे आधी सांगतो. आता त्यामागची कारणे.

ही समिती डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केली. ते साताऱ्याचे, शिक्षणाने डॉक्टर आणि कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. सुमारे बारा वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यावर ते पूर्णवेळ सामाजिक कामाकडे वळले. बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत ते होते, साताऱ्यात त्यांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले आणि १९९८ पासून अखेरपर्यंत ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन केले. प्रा. एन. डी. पाटील यांनी दीर्घकाळ समितीचे अध्यक्षपद सांभाळले. नागपूरहून श्याम मानव चालवतात ती अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती वेगळी. नावांच्या सारखेपणामुळे अनेकांची गल्लत होते.

समितीच्या कामाची चार सूत्रे आहेत : शोषण आणि फसवणूक करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक परिवर्तनाच्या चळवळींशी नाते. देव मानणे सोडा, अशी अट यात कुठेही नाही. जादूटोणाविरोधी कायद्याचे विधेयक चर्चेत होते तेव्हा वारकरी संघटनांनाही आपल्यासारखीच शंका होती आणि ती रास्तपणे ऐकून घेतली गेली. म्हणूनच प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन, हरिपाठ यांना हा कायदा लागू नाही, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. आपल्या वारीला या कायद्याचा धक्का लागत नाही, आणि नवस-सायास, अंगात येणे यांवर कोरडे ओढण्याची परंपरा तर संतांपासूनच आपल्या घरात आलेली आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. समितीच्या वार्तापत्राची वर्गणी, वार्षिक अंकासाठी दारोदार फिरून मिळवलेल्या जाहिराती आणि कार्यकर्त्यांची पदरमोड यांवर हे काम चालत आले आहे. शाखेत आपल्याला शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले कर्मचारी, परिचारिका, महाविद्यालयीन मुले भेटतील. एकदा मुलीबरोबर शाळेतला कार्यक्रम पाहायला जा. कार्यकर्ता विटांच्या छोट्या कुंडात लाकडाचे तुकडे रचतो, मंत्र पुटपुटतो, वरून ‘तूप’ सोडतो आणि काडी न लावता काही क्षणांत ज्वाळा उठते. मुले अवाक् होतात. मग तो सांगतो की लाकडांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड होती आणि तूप म्हणून ओतले ते ग्लिसरीन होते. त्या दोन वाक्यांनंतर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते पाहण्यासाठी मी स्वतः अनेकदा मागच्या बाकावर बसलो आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या केसांत सहा वर्षांपासून जट आहे. मान दुखते, रात्री झोप लागत नाही. पण देवीचा कोप होईल म्हणून त्या कापू देत नाहीत. समितीचे लोक जट काढतात असे ऐकले. बळजबरी तर करणार नाहीत ना?
— एक सून, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : बळजबरी करणार नाहीत, तसे केले तर कामच फसेल. केस दीर्घकाळ विंचरले नाहीत, तेल, मळ आणि घाम त्यांत साचत गेला की गुंता घट्ट होत जातो. त्यात देवी येत नाही, उवा मात्र नक्की येतात. परंतु हे पहिल्याच भेटीत तोंडावर सांगून उपयोग होत नाही, कारण सासूबाईंची भीती खरी आहे, आणि पुढे घरात कोणी आजारी पडले तर दोष आपल्यावर येईल, ही धास्ती त्याहून मोठी आहे. म्हणून अनुभवी कार्यकर्त्या दोनतीनदा घरी येतात, चहा घेतात, ज्यांची जट निघाली त्या बायकांशी बोलणे करून देतात आणि घरातल्या सर्वांची संमती झाल्यावरच कात्री हातात घेतात. जट घट्ट असेल तर वेळ लागतो, कारण कात्री टाळूच्या अगदी जवळून चालवावी लागते. जट निघाल्यावर बाईचा हात सहसा आधी मानेकडे जातो आणि ती मान दोन्ही बाजूंना वळवून पाहते. त्या दिवशी आपण त्यांच्या शेजारी बसा आणि पुढचे काही आठवडे, घरात साधी सर्दी झाली तरी त्यांना एकटे वाटू देऊ नका. माझ्या मते सुनेचे खरे काम तिथून सुरू होते.

प्रश्न : जादूटोणाविरोधी कायदा होऊन इतकी वर्षे झाली. आमच्या भागात सर्पदंश झाला की अजूनही मांत्रिकाकडे नेतात. तक्रार कोणाकडे करायची?
— एक आरोग्यसेवक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : हा कायदा सहजासहजी मिळालेला नाही. विधानसभेने २००५ मध्ये विधेयक मंजूर केले, तरी ते पुढे रखडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली, त्यानंतर अवघ्या चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. खटल्याचा निकाल लागायला मात्र १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. इतक्या वर्षांचा तो विलंब मनाला अजून टोचतो.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे या कायद्याच्या अनुसूचीतील बारा कृत्यांपैकी एक आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे आणि तो पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा असतो. आपल्या ठाण्यात तो कोण, हे आजच विचारून ठेवा.

प्रत्यक्ष दंश झाला तर तक्रारीत वेळ घालवू नका. मांत्रिकाशी वादही घालू नका. हवे तर त्यालाच गाडीत बसवा, मंत्र वाटेत म्हणू द्या, पण गाडी थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयाकडे वळवा. रुग्ण शुद्धीवर आला की मग ठाण्यात जा.