पुण्यात लघुउद्योगाला बँका कर्ज देत नाहीत, चालू खातंही उघडत नाहीत. दाद कुठे मागायची?

तुम्ही लिहिलंय की भोसरीत भाड्याच्या गाळ्यात पावडर कोटिंगचं युनिट आहे, सात-आठ कामगार आहेत. नऊ लाखांच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाला, दोन शाखांनी तोंडीच नकार दिला, तिसरीने राहता फ्लॅट तारण मागितला, आणि एका ठिकाणी चालू खातं उघडायलाही "गाळा तुमच्या नावावर नाही" असं सांगून परत पाठवलं. सगळा व्यवहार अजून बचत खात्यातून चाललाय. मी बरीच वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या शाखांमध्ये कर्ज विभागात होतो, आता छोट्या उद्योजकांच्या फाइली करून देतो. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

पहिली गोष्ट, योजना शोधत बसू नका. आधी नकार कागदावर घ्या. तुम्हाला आजपर्यंत कुणी कर्ज नाकारलेलंच नाही, कारण तुमचा अर्ज कुठल्याही शाखेच्या नोंदीत नाही. "सध्या टार्गेट नाही", "मार्चनंतर या", "साहेब रिजनल ऑफिसला गेलेत" ही उत्तरं मुद्दाम तोंडी दिली जातात. अर्ज आवक झाला की शाखेवर बंधनं लागू होतात: पोचपावती द्यायची, लघुउद्योगाचं २५ लाखांपर्यंतचं प्रकरण कागदपत्रं पूर्ण असतील तर १४ कामाच्या दिवसांत निकालात काढायचं, आणि नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवायचं. हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, बँकेची मेहेरबानी नाही. तेव्हा अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का मारत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, किंवा सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवरून मुद्रा कर्जासाठी अर्ज टाका, तिथे नोंद आपोआप राहते. वाद घालू नका, आवाज चढवू नका. शिक्का मागणारा शांत माणूस शाखेला जास्त जड जातो.

आता तारणाचं. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना वीस लाखांपर्यंतच्या कर्जासाठी (एप्रिल २०२६ पूर्वी ही मर्यादा दहा लाख होती) बँकेने तारण घ्यायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तुमची मागणी नऊ लाखांची आहे, तेव्हा फ्लॅटचा विषय निघायलाच नको होता. त्यावरच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई आहे. केंद्र सरकार आणि सिडबी (लघुउद्योगांची विकास बँक) यांनी २००० साली काढलेला हा हमी ट्रस्ट, त्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून दहा कोटींवर गेली आहे. छोट्या रकमेला हमीची फी वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडते आणि ती बहुतेक वेळा कर्जदाराकडूनच वसूल होते. इथे एक गैरसमज फार पसरलाय. ही हमी बँकेसाठी आहे. हप्ते थकले तर ट्रस्ट बँकेला पैसे देतो, तुमची देणेदारी तशीच राहते. मग शाखा फ्लॅट का मागतात? हमीचा दावा करायला कागदोपत्री कटकट असते आणि खातं बुडालं तर चौकशी मॅनेजरची होते. फ्लॅट असला की त्याला रात्री झोप लागते. त्याची अडचण मला कळते, पण ती तुम्ही का सोसायची?

यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी, हातात हवी. नसेल तर आजच करा. आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण फुकट आहे. गुगलवर वर दिसणाऱ्या साइट हजार-दोन हजार घेतात, त्या खासगी दलालांच्या आहेत.

खरा खोळंबा मात्र तुमच्या उलाढालीत असणार, असा माझा अंदाज आहे. खेळत्या भांडवलाचं गणित बँका नायक समितीच्या पद्धतीने करतात आणि ते सोपं आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के ही गरज धरायची, त्यातले ५ टक्के तुम्ही घालायचे, २० टक्के बँकेने द्यायचे. ४५ लाखांच्या उलाढालीला सव्वादोन लाख तुमचे आणि नऊ लाख बँकेचे. म्हणजे नऊ लाख मागायचे तर मॅनेजरला ४५ लाख दिसले पाहिजेत. कुठे दिसणार? जीएसटीच्या ३बी विवरणात, आयकर विवरणात आणि खात्यातल्या जमेत. या तिन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळावे लागतात.

तळवड्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याची फाइल आठवते. गडी कामाला वाघ, ऑर्डरी भरपूर. जीएसटीत उलाढाल ४४ लाख, पण खात्यात जमा फक्त २७. उरलेले गेले कुठे? गाळ्याच्या दारावर लावलेला क्यूआर कोड बायकोच्या बचत खात्याचा होता, दोन ग्राहक रोख देत होते, आणि एक पार्टी पत्र्याच्या व्यापाऱ्याला परस्पर पैसे भरून हिशेब वळता करत होती. वर आयकर विवरणात नफा पावणेतीन लाख, कारण सल्लागाराने कर वाचवून दिला होता. घरात आधीच गाडीचा आणि फ्लॅटचा हप्ता. पावणेतीन लाखांत घर चालवून दोन हप्ते भरणारा माणूस बँकेच्या नजरेत एक तर खोटं बोलतोय किंवा बुडतोय. आम्ही नवीन काही आणलं नाही. क्यूआर चालू खात्याचा लावला, परस्पर वळतं करणं बंद केलं, पुढच्या वर्षीचं विवरण खरं भरलं, आणि ज्या कंपनीचं काम नियमित होतं तिच्या पर्चेस ऑर्डरी फाइलला जोडल्या. तीच शाखा, तोच मॅनेजर, प्रकरण मंजूर झालं. थोडा कर जास्त भरावा लागला, त्यावर तो अजून कुरकुरतो.

तुमचा सगळा व्यवहार बचत खात्यातून असेल तर उलाढाल दाखवणं आणखी अवघड होतं, शिवाय धंद्यासाठी बचत खातं वापरलं म्हणून बँक कधीही अडवू शकते. म्हणून कर्जाच्या आधी चालू खातं. प्रोप्रायटरी फर्मला मालकाच्या केवायसीबरोबर व्यवसायाचे कोणतेही दोन पुरावे लागतात: उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी, शॉप ॲक्ट, आयकर विवरण, वीज बिल यांपैकी. दोन मिळणं शक्य नसेल आणि बँकेची खात्री पटली, तर एकावरही खातं उघडता येतं, फक्त ते जागेवर येऊन पडताळणी करतात. गाळा स्वतःचा असावा अशी अट कुठेही नाही. भाडेकरार आणि मालकाचं वीज बिल न्या. दुकानदार वाचत असतील तर त्यांच्यासाठी: वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामगार असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार शॉप ॲक्टची फक्त सूचना-पावती मिळते, लायसन्स निघतच नाही. तरी काही क्लार्क लायसन्सच आणा म्हणतात. त्यांना पावतीवरचा मजकूर वाचायला द्या.

सहकारी बँकेत जावं का, हा प्रश्न पुण्यात येतोच. ओळखीचा मॅनेजर, झटपट निर्णय, व्याज जरा जास्त. माझा विरोध नाही. पण रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला, तेव्हा व्यापाऱ्यांची चालू खाती अडकलेली मी पाहिली आहेत. ठेवविमा पाच लाखांपर्यंतच आहे आणि त्यात चालू खात्यातली रक्कमही मोजतात. कर्ज घ्या, पण मोठी शिल्लक तिथे साठवू नका.

क्रेडिट रिपोर्टही काढून बघा. तो बनवणाऱ्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. जुन्या मोबाइलच्या हप्त्यावर घेतलेलं कर्ज 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं, म्हणून पडलेलं सापडतं आणि माणूस कपाळावर हात मारतो. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आता दाद. लेखी नकार किंवा नुसती पोचपावती हातात असली की आधी बँकेच्याच तक्रार कक्षाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, खर्च शून्य. पण लोकपाल तुम्हाला कर्ज मिळवून देणार नाही. कर्ज द्यावं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात तो पडत नाही. तेव्हा तक्रारीत "मला कर्ज दिलं नाही" असं लिहू नका. पोच दिली नाही, मुदतीत निर्णय नाही, कारण कळवलं नाही, विनातारण मर्यादेच्या आतल्या रकमेला तारण मागितलं, हे लिहा. माझ्या अनुभवात त्याहून लवकर हालचाल होते ती जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकाकडून. पुणे जिल्ह्यात अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. शिवाजीनगरचं जिल्हा उद्योग केंद्र आणि सेनापती बापट रस्त्यावरचं मराठा चेंबर (उद्योजकांची संघटना) इथेही जाऊन या. मात्र उद्योग केंद्रातला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या युनिटसाठी आहे. तुमचं चालू आहे, त्या रांगेत उभं राहून दिवस घालवू नका. महामंडळांच्या व्याज परताव्याच्या योजनांमध्येही पैसे आधी बँकच देते. म्हणजे फिरून फाइल पुन्हा त्याच टेबलावर.

तुमचे पैसे मोठ्या कंपनीकडे अडकलेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. गिऱ्हाईक तुटेल म्हणून कुणी करत नाही, आणि ती भीती खोटीही नाही. त्यापेक्षा ते गिऱ्हाईक ट्रेड्सवर, म्हणजे उधारीची बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, आहे का बघा. तिथे मान्य झालेलं बिल वटवून पैसे लवकर मिळतात आणि तारण लागत नाही.

शेवटचं, कर्ज मिळाल्यानंतरचं. हप्ता ओढाताणीचा व्हायला लागला तर ९० दिवस उलटून खातं एनपीए (थकीत) होण्याची वाट बघू नका. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी २०१६ ची पुनरुज्जीवनाची चौकट आहे, तिच्यात उद्योजक स्वतःहून अर्ज करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रो निट्सच्या खटल्यात ही चौकट बँकांवर बंधनकारक ठरवली, पण आपण एमएसएमई आहोत हे वेळेत कागदपत्रांसह कळवण्याची जबाबदारी कर्जदारावरच टाकली. त्यामुळे उद्यम प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच दिवशी कर्जाच्या फाइलला लावा, आणि तिचीही पोच घ्या.