लॉबीतली धक्काबुक्की आणि गॅलरीतली मुलं

प्रश्न : ताई, मी नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. मुलांना एकदा विधानसभेचं कामकाज दाखवावं अशी फार इच्छा आहे. पण जुलै २०२५ मध्ये विधानभवनाच्या लॉबीत मारामारी झाली आणि अध्यक्षांनी बाहेरच्यांना प्रवेश बंद केला, असं वाचलं. भांडले कार्यकर्ते, दार मात्र सगळ्यांना बंद! हे योग्य आहे का? आणि आम्ही यायचा बेत करावा की सोडून द्यावा?
– एक शिक्षक, हिंगोली जिल्हा

उत्तर : सर, मी विधिमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात जो जे बोलेल ते शब्दशः उतरवून घ्यायचं, हे आमचं काम. आमचं टेबल अध्यक्षांच्या आसनापुढे, खालच्या बाजूला. मान वर केली की प्रेक्षक गॅलरी दिसायची. कामाच्या धबडग्यात मान वर करायला फार सवड नसे, पण शाळेची मुलं आली की मी हमखास बघायची. पहिली पाच मिनिटं ती पुतळ्यासारखी बसत. मग एखादं पोर कठड्यावरून वाकून 'आपला आमदार कुठला' ते शोधायला लागे. लगेच मागून सुरक्षारक्षकाचा हात खांद्यावर. पोर मागे सरकलं, विषय संपला. गॅलरीतली बेशिस्त म्हणाल तर मी बहुतेक वेळा एवढीच पाहिली.

एकदा एका आजोबांनी आपल्या आमदाराचं भाषण ऐकून टाळ्या वाजवल्या. त्यांना हळूच उठवून बाहेर नेलं. जाताना ते विचारत होते, "चांगलं बोलला म्हणून वाजवली, चुकलं काय?" मला तेव्हा हसू आलं होतं. पण नियम बरोबर आहे. खाली २८८ जण एकमेकांशी बोलत असतात. वरून दाद मिळायला लागली की ते वर बघून बोलायला लागतील. (आता कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, ते वेगळं.)

आता तुमचा मुद्दा. १७ जुलै २०२५ ला जितेंद्र आव्हाड आणि गोपीचंद पडळकर यांच्या समर्थकांत जुंपली ती लॉबीत. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी जाहीर केलं की यापुढे अधिवेशनकाळात सदस्य, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक आणि शासकीय अधिकारी यांनाच प्रवेश. अध्यक्षांना तो अधिकार आहे, आणि त्या दिवशी काही न करणं त्यांना शक्यही नव्हतं. तरीही मला वाटतं, गॅलरी आणि लॉबी एकाच मापाने मोजली गेली. गॅलरीतला माणूस मोबाइल-पिशवी बाहेर ठेवून, तपासणी करून, नेमून दिलेल्या जागी बसतो. लॉबीत रेंगाळणारा साहेबांच्या मागेमागे आलेला असतो. त्याला कामकाज ऐकायचंच नसतं. गर्दी कमी करायची तर ती साहेबांच्या मागची करा.

पण गॅलरी म्हणजे अगदी सोवळी, असंही मी म्हणणार नाही. १३ डिसेंबर २०२३ ला लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी खाली उड्या मारल्या आणि पिवळा धूर सोडला. २००१ च्या संसद हल्ल्याला त्याच दिवशी २२ वर्षं होत होती. त्यांचे पास एका खासदाराच्या शिफारशीवर निघाले होते. आमच्याकडेही पास शिफारशीवरच निघत. माणूस कोण, कशासाठी आलाय, हे शिफारस करणाऱ्याला कितपत ठाऊक असायचं, देव जाणे. मतदारसंघातला कोणी तरी आहे, द्या सही करून! ती सही जरा जपून झाली तर अर्धी तपासणी तिथेच होईल.

आणखी एक सांगते, कारण 'सुव्यवस्था' म्हटलं की मला नागपूर आठवतं. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. मोर्चा अडवलेला, सरकारातलं कोणी तरी येऊन निवेदन घेईल म्हणून बायका-मुलं ताटकळत बसलेली. पुढे लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. मृतांत बायका आणि लेकरंच जास्त. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. आतल्या कामकाजाच्या शब्दन् शब्दाची नोंद आम्ही ठेवायचो. बाहेर अडवलेले लोक किती तास बसलेत, याची नोंद ठेवणारं टेबल कुठेच नव्हतं. म्हणून नुसतं 'प्रवेश बंद' ऐकलं की मी आधी विचारते, बाहेर येऊन ऐकून घेणार कोण?

तुम्ही बेत सोडू नका. प्रवेशाचे नियम अधिवेशनागणिक बदलतात, तेव्हा तारखा जाहीर झाल्या की लगेच विधिमंडळ सचिवालयाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, मुलांची नावं आणि सोबतच्या शिक्षकांची ओळखपत्रं जोडा. प्रश्नोत्तराचा तास मिळाला तर उत्तम. मुलांना तोच समजतो. परवानगी नाहीच मिळाली तर कामकाजाचं थेट प्रक्षेपण वर्गात लावा, आणि गावातल्या ग्रामसभेला सगळ्यांना घेऊन जा. तिथे पास लागत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे : 'मुलांना आमदारसाहेबांसोबत लॉबीत फोटो काढता येईल का?' नाही सर. साहेबांना गेटबाहेर बोलवा. पन्नास मुलं उन्हात उभी आहेत म्हटल्यावर येतील की.