रस्त्याखालचा सेनापती

प्रश्न : अमेरिकेत एका इंग्रज सेनापतीला रस्त्याच्या मधोमध पुरून वरून गाड्या नेल्या, असं ऐकलं. शत्रूने सूड उगवला का?

उत्तर : गोष्ट खरी आहे, पण पुरणारे त्याचेच लोक होते.

हा जनरल एडवर्ड ब्रॅडॉक. १७५५ साली तो मेरीलँडमधल्या फोर्ट कंबरलँडहून फ्रेंचांचा ड्यूकेन किल्ला घ्यायला निघाला. हा किल्ला आजच्या पिट्सबर्गच्या जागी होता. मधे जंगल आणि डोंगर, आणि त्यातून जाणारी मूळ रहिवाशांची पायवाट. ती नेमाकोलिन या डेलावेअर जमातीतल्या माणसाच्या नावाने ओळखली जाई. पायी जाणाऱ्याला ती पुरे, पण तोफांना कशी पुरणार? म्हणून झाडं तोडत १२ फूट रुंद रस्ता काढत जायचं ठरलं.

माझा सगळा जन्म रस्त्यांच्या आखणीत गेला, त्यामुळे मला लढाईपेक्षा तो पहिलाच डोंगर जास्त खुणावतो. सरळ चढ धरला आणि गाड्या मोडल्या. मग डोंगराला वळसा घालून खालून जाणारी सोपी वाट सापडली, ती कुणाला? स्पेंडेलो नावाच्या आरमारी लेफ्टनंटला! अवजड तोफा दोरखंड-कप्प्यांनी चढवा-उतरवायला ३० खलाशी सोबत दिले होते, त्यांच्यातला हा. डोंगराची नस दर्यावर्द्याने ओळखावी, याचं मला अजून हसू येतं.

तरी काम रखडतच गेलं. शेवटी जड सामान कर्नल डनबरकडे मागे ठेवून ब्रॅडॉक निवडक फौजेनिशी पुढे गेला. ९ जुलैला मोनोंगहेला नदीजवळ फ्रेंच आणि त्यांच्या आदिवासी साथीदारांनी त्याची वाताहत केली. जबर जखमी झालेला ब्रॅडॉक माघारीच्या वाटेवर १३ जुलैला मरण पावला. थडगं शत्रूला सापडून प्रेताची विटंबना होऊ नये, म्हणून त्याला त्याच्याच रस्त्यात पुरलं आणि वरून अख्खी फौज गाड्यांसकट नेली. खुणाच राहिल्या नाहीत. हे सारं पाहणारा तेवीस वर्षांचा मदतनीस म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन.

१८०४ मध्ये रस्त्याची डागडुजी करणाऱ्या मजुरांना तिथे हाडं लागली. ती ब्रॅडॉकचीच मानून जवळच्या उंचवट्यावर पुरली. १९१३ मध्ये त्यावर ग्रॅनाइटचं स्मारक झालं. मूळ जागेजवळ त्या रस्त्याचा खोलगट पट्टा गवतात अजून दिसतो.