पहिली ते पाचवीच्या मुलांना जागतिक न्याय शिकवायचा, तर शिक्षकाने आधी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहात, 'जागतिक न्याय आणि आंतरसांस्कृतिक समज' हा प्रकल्प तुमच्या वाट्याला आलाय. सरावशाळेतल्या चौथीच्या मुलांनी अजून तालुक्याचं गावही धड पाहिलेलं नाही, मग त्यांना जग काय आणि कसं शिकवायचं, हा तुमचा प्रश्न. मी २३ वर्षं अध्यापक विद्यालयात शिकवलं. हा प्रश्न मलाही फार छळायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कागदावरची बाजू आधी उरकून घेऊ. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या शाश्वत विकास ध्येयांमध्ये ४.७ क्रमांकाचं लक्ष्य याच विषयाचं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा उल्लेख आहे. प्रस्तावनेला एवढं पुरे. शिवाय आपले दहा गाभाघटक, म्हणजे सगळ्या विषयांतून रुजवायच्या समान गोष्टी, आणि परिपाठातली मूल्यं आहेतच. सर्वधर्मसहिष्णुता, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. अडतं ते वर्गात उभं राहिल्यावर.

एकदा दुसरीच्या वर्गात 'माझे कुटुंब' या घटकावर सराव पाठ चालला होता. शेजारच्या बंजारा तांड्यावरची बरीच मुलं त्या शाळेत यायची. छात्राध्यापिकेने विचारलं, घरी कोण कोण असतं? पुढे बसलेला एक मुलगा झटकन उठून म्हणाला, "याडी!" बाई म्हणाल्या, "याडी नाही, आई म्हणायचं," आणि फळ्यावर सुरेख अक्षरात 'आई' लिहिलं. मुलगा खाली बसला. तास संपेपर्यंत त्याने पुन्हा हात वर केला नाही. मी मागे बसून पाठाचं निरीक्षण करत होतो. शेऱ्यात मी लिहिलं, 'भाषाशुद्धीकडे लक्ष आहे', आणि गुणही चांगले दिले.

पुढच्या आठवड्यात त्याच शाळेत, शेजारच्या वर्गात एका जुन्या गुरुजींचा तास पाहिला. त्यांच्या फळ्यावर एकाखाली एक शब्द होते: आई, याडी, अम्मी, माय. कोणाच्या घरी काय म्हणतात ते मुलं सांगत होती आणि गुरुजी प्रत्येक शब्दापुढे रेघा ओढत होते. सगळ्यात जास्त रेघा 'याडी'पुढे होत्या. मला माझ्या शेऱ्याची मनापासून लाज वाटली. घरची भाषा चूक ठरली की मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला दुसऱ्या संस्कृतीचा आदर करायला कोणत्या तोंडाने सांगणार?

तेव्हापासून मी छात्राध्यापकांना पहिलं काम देतो ते स्वतःचं ऐकण्याचं. आठवडाभर खोलीवर, बसमध्ये, शिक्षक खोलीत 'आपल्यात' आणि 'त्यांच्यात' हे शब्द कोण, कधी, कशासाठी वापरतं ते वहीत टिपायचं. स्वतःची वाक्यंही टिपायची. वही कोणाला दाखवायची नाही, तिला गुणही नाहीत. तरी हे काम सगळ्यात जड जातं.

दुसरं, अवघड वाक्याची तालीम. वर्गात एखादं मूल सरळ म्हणतं, "सर, आमच्या घरी त्यांच्याकडचं पाणी पीत नाहीत." तिथे नवे शिक्षक एकतर ओरडतात, नाहीतर "पुढचं उदाहरण घ्या" म्हणतात. दोन्ही वेळा बाकीची मुलं काय ते समजून जातात. मुलाच्या घरच्यांची लाज न काढता, पण ज्याच्याबद्दल ते बोललं गेलं त्या मुलाच्या बाजूने स्पष्ट उभं राहून बोलावं लागतं. हे आयत्या वेळी सुचत नाही. एकाने मूल व्हायचं, एकाने शिक्षक, आणि दहा-दहा वेळा करून बघायचं.

आता जगाकडे येतो. एका तुकडीला मी विचारलं, आफ्रिका म्हटलं की काय आठवतं? जवळपास सगळ्या चिठ्ठ्यांवर जंगल, सिंह, भूक. ५४ देशांचा खंड आणि ही त्याची ओळख! मग मी मलिक अंबरचं नाव घेतलं. इतिहासात ते सगळ्यांनी वाचलेलं. पण तो इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, आणि पुढे निजामशाहीचा वजीर होऊन त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, तिथे नहरीने पाणी खेळवलं, हे जोडून कोणी पाहिलंच नव्हतं. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेतलेच. असे धागे आपल्या पाठ्यपुस्तकातच पडून आहेत. वेशभूषा दिनाला परदेशी पोशाख भाड्याने आणण्यापेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं.

न्यायासाठी मी केळं घेतो. जळगावचं केळं प्रत्येक मुलाने खाल्लेलं असतं. इंग्लंडमधल्या शाळांतही हा खेळ खेळतात, मी आकडे आपले घेतो. समजा डझनाला ६० रुपये. पाच गट करायचे: बागेतले मजूर, शेतकरी, व्यापारी, वाहतूक आणि पिकवणी करणारे, हातगाडीवाले. प्रत्येकाने आपले कष्ट, खर्च आणि जोखीम सांगून आपला वाटा मागायचा. आमच्या एका तुकडीत बेरीज ९७ झाली. मग घासाघीस. सगळ्यात आधी आकडा खाली आणला तो मजूर गटाने, कोणी सांगितलेलं नसताना. का, असं विचारल्यावर त्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही नाही म्हटलं तर दुसरे मजूर येतील ना." वर्ग एकदम शांत झाला. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, हे मला नंतर कळलं.

त्यानंतरच नकाशा उघडायचा आणि इक्वेडोर शोधायचा, जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करणारा देश. तिथल्या बागेतला मजूर काय म्हणत असेल, हे मुलांना विचारायचं. चौथीची मुलं उत्तर देतात. फक्त ती 'बिचारे' म्हणून थांबू लागली तर थांबू देऊ नका. त्यांना मदत काय करायची, हा प्रश्न मुलांना लगेच सुचतो. त्यांना कमी का मिळतं आणि ते ठरवतं कोण, हे तुम्हाला विचारत राहावं लागतं. उत्तर तुमच्याकडे तयार नसलं तरी चालेल, पण हा प्रश्न सोडू नका.

टाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, काढण्याआधी हा खेळ तुमच्या वर्गमैत्रिणींबरोबर एकदा पूर्ण खेळून बघा, आणि तुम्ही मजुरांच्या गटात बसा.