सोलापुरातून दीर्घिका-तेजोमेघांचे फोटो काढून विज्ञानाला खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की छोटी दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन सोलापूरसारख्या ठिकाणाहून दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे समूह) आणि तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) यांचे फोटो काढणाऱ्यांचा शास्त्रज्ञांना काही उपयोग होतो का, की हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींच्या जमान्यात हे फोटो नुसते भिंतीवर लावायचे. मी इथूनच हे करतो म्हणून मनापासून सांगतो, उपयोग होतो.

मोठ्या दुर्बिणीकडे आरसा मोठा असतो पण वेळ नसतो. एकेका तासासाठी शास्त्रज्ञांची रांग लागलेली, आणि एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडाही बहुतेक वेळा लहानच. आपण मात्र एकाच जागी कॅमेरा लावून रात्रीच्या रात्री बसू शकतो, कुणी उठवत नाही.

देवयानी दीर्घिकेचंच घ्या. तिचे, म्हणजे एम३१ चे, जगभरात किती फोटो निघालेत त्याला गणतीच नाही, तरी फ्रान्सच्या यान सेंती या हौशी माणसाने १०६ मिमीची दुर्बीण आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा उजेड तेवढा आत सोडणारा ओ-थ्री फिल्टर धरून वेगवेगळे फिल्टर लावून एकूण शंभर तासांच्या वर एक्स्पोजर जमवलं, आणि मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर या दुसऱ्या दोन हौशींबरोबर तो डेटा बघताना दीर्घिकेच्या शेजारी एक फिकट कमान सापडली, तीही दीड अंश लांब, म्हणजे पौर्णिमेचे तीन चंद्र ओळीत ठेवले तर होईल एवढी! २०२३ मध्ये व्यावसायिक शास्त्रज्ञांसोबत त्यांचा पेपर आला. इतके दिवस ती कुणाला दिसली नाही कारण मोठे सर्व्हे, म्हणजे सगळ्या आकाशाचे पद्धतशीर फोटो, बरेच रंग एकत्र आत सोडणाऱ्या रुंद फिल्टरने झालेले, त्यात असला फिकट उजेड आकाशाच्या उजेडात बुडून जातो. ती देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेत, यावर अजून वाद चालू आहे.

आता दुसरं उदाहरण, हे मला जास्त आवडतं. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात कुलपं-किल्ल्यांचं काम करणारे व्हिक्टर बुसो २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री घराच्या गच्चीवरून ४० सेंमीच्या दुर्बिणीला नवीन कॅमेरा लावून टेस्ट करत होते, एनजीसी ६१३ दीर्घिकेचे छोटे छोटे फोटो घेत होते, आणि त्यात मधेच एक ठिपका उगवला आणि वाढत गेला. तारा फुटताना (यालाच सुपरनोव्हा म्हणतात) आतला धक्का पृष्ठभागावर येतो तो पहिला उजेड होता तो, ठरवून टिपणं जवळजवळ अशक्यच. २०१८ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. ही दीर्घिका आपल्याकडून दक्षिणेला जवळपास ४३ अंश वर येते, युरोपातल्या बऱ्याच लोकांना ती क्षितिजाला चिकटलेली मिळते. आपण १७-१८ अक्षांशावर आहोत याचा फायदा करून घ्या की!

आणि आपल्या जिल्ह्यात तर जुना वारसा आहे, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला पुण्याचे प्रोफेसर नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल करमाळ्याजवळच्या जेऊरला तळ ठोकून होते, तिथून सूर्याच्या प्रभामंडळाचे फोटो निघाले.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर गावातल्या दिव्यांपासून लांब जा, बार्शी रोडला नान्नजच्या पुढे किंवा मंगळवेढ्याकडे ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, एप्रिल-मेमध्ये आकाश मोकळं असतं पण रात्रीही एवढं गरम होतं की साध्या डीएसएलआरच्या सेन्सरवर नॉइज, म्हणजे फोटोतले नको असलेले दाणे, फार येतो. वेळेचं गणित असं की चौपट वेळ दिला की चित्र दुप्पट स्वच्छ, म्हणून रोज नवीन टार्गेट पकडण्यापेक्षा एकाच टार्गेटवर महिनाभर बसा. बजेट कमी असलं तरी थांबू नका, अमेरिकेतल्या जे मॅकनील नावाच्या हौशी निरीक्षकाने २००४ मध्ये फक्त ३ इंची दुर्बिणीने मृगातल्या एम७८ जवळ नवाच उजळलेला तेजोमेघ पकडला होता.

रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल्स) कधीच डिलीट करू नका, लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून ठेवा. काही नवीन दिसलं तर लगेच ग्रुपवर टाकायची घाई नको, आधी जुन्या सर्व्हेच्या फोटोशी ताडून बघा, हॉट पिक्सेल (सेन्सरवर उगाच चमकणारा बिंदू) नाही ना, जाता जाता आलेला लघुग्रह नाही ना ते तपासा, दुसऱ्या रात्री परत घ्या. तरीही राहिलं तर सुपरनोव्हासाठी ट्रान्झियंट नेम सर्व्हर, धूमकेतू-लघुग्रहासाठी मायनर प्लॅनेट सेंटर, आणि तेज कमी-जास्त होणाऱ्या बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी एएव्हीएसओ या अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संस्थेकडे, तिथे तर साध्या डीएसएलआरच्या नोंदीही घेतात.